ओके कोरलची चकमक: चूक कुठली आणि सूट कुठली?

ऐतिहासिक सिनेमात काही बदललेलं दिसलं की एक गट ‘इतिहासाची मोडतोड’ म्हणून ओरडतो, दुसरा ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ म्हणून हात झटकतो. सगळ्या बदलांना एकच शिक्का मारायची घाई दोघांनाही असते. अमेरिकी वेस्टर्नपटांत हा फरक छान तपासता येतो, कारण एकाच चकमकीवर हॉलिवूडने पुन्हा पुन्हा सिनेमे काढलेत.

आधी खरं काय घडलं ते. २६ ऑक्टोबर १८८१, ॲरिझोनातलं टूमस्टोन. गोळीबार ओके कोरलमध्ये, म्हणजे त्या नावाच्या घोडे ठेवायच्या आवारात, झालाच नाही. तो झाला तिथून थोड्या अंतरावर, एका फोटो स्टुडिओशेजारच्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत. साधारण ३० सेकंद, ३०च्या आसपास गोळ्या, ‘काउबॉय’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीतले तिघे ठार. या टोळीचं आणि अर्प भावांचं जुनं वैर होतंच, पण ठिणगी पडली गावातल्या शस्त्रबंदीवरून. ती बजावायला निघाला होता मार्शल व्हर्जिल अर्प. पुढे नायक म्हणून गाजलेला त्याचा भाऊ वायट त्या दिवशी त्याच्या मदतीला होता.

जॉन फोर्डच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये (१९४६) यातलं फारसं काही उरत नाही. अर्प भावांच्या बाजूने लढलेला दंतवैद्य डॉक हॉलिडे इथे सर्जन आहे आणि चकमकीत मरतो. खरा डॉक १८८७ साली कोलोरॅडोत क्षयाने गेला. काउबॉय टोळीतला म्हातारा क्लँटन चकमकीच्या दोन महिने आधीच मारला गेला होता, इथे तोच मुख्य खलनायक. आणि गाव थेट राज्याच्या उत्तर टोकाला, मॉन्युमेंट व्हॅलीत! तरी मी याला सूटच म्हणेन. भिंतीही न उभ्या राहिलेल्या चर्चच्या नुसत्या सांगाड्यावर गावकरी नाचतात, वायट अवघडत त्यांच्यात सामील होतो. फोर्डला ओसाड माळावर समाज कसा उभा राहतो ते दाखवायचं होतं, आणि त्याचे बदल त्याच कामी येतात. (वायटने स्वतः आपल्याला चकमकीची हकीगत सांगितली होती, असं मात्र फोर्ड सांगत फिरायचा. तिथे गडबड आहे.)

आता ‘अवर ऑफ द गन’ (१९६७). सुरुवातीलाच पाटी येते: हे असंच घडलं. चकमक पुष्कळशी नेमकी आहे. पण शेवटी वायट मेक्सिकोत जाऊन म्हाताऱ्या क्लँटनचा मुलगा आइक याला गोळी घालतो. खरा आइक १८८७ साली ॲरिझोनातच एका डिटेक्टिव्हच्या गोळीने मेला. ती पाटी नसती तर मी हेही चालवून घेतलं असतं.

‘टूमस्टोन’ (१९९३) आणखी फसवा. मिशा, कोट, बंदुका अस्सल; शस्त्रबंदीसुद्धा दाखवलीय. पण सुरुवातीला काउबॉय टोळी मेक्सिकन लग्नात शिरून जे हत्याकांड करते, ते रचलेलं. त्याआधी जुन्या फिल्मच्या तुकड्यांवर माहितीपटाच्या थाटातलं निवेदन असल्याने तेही इतिहासच वाटतं, आणि कुणाचा राग करायचा हे पहिल्या दहा मिनिटांत ठरून जातं. फोर्डने गाव हलवल्याने कुणाचं काही बिघडत नाही. या प्रसंगाने तीन मृतांविरुद्धचा निकाल आधीच लागतो.

खुद्द कोर्टाला तो इतका सोपा गेला नव्हता. न्यायदंडाधिकारी स्पायसर यांच्यासमोर महिनाभर सुनावणी चालली. मेलेल्यांचे हात वर होते की नव्हते, आधी गोळी कुणी झाडली, यावर साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत. ३० नोव्हेंबरला खटला उभा राहण्याइतका पुरावा नाही म्हणून वायट आणि डॉक सुटले. पहिल्या गोळीचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. कॅमेऱ्याला ती कुणाच्या तरी बंदुकीतून सुटताना दाखवावीच लागते. तेवढ्या एका शॉटपुरतं कुठल्याच दिग्दर्शकाला चूक म्हणता येत नाही.