वडाच्या पोटातली केंबरं

वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आत्याला घेऊन संध्याकाळी सयाजीबागेत फिरायला गेलो होतो. वडाच्या खालच्या फांदीवर नुकतंच रंग धरलेलं एक फळ होतं, ते तोडून मी नखानं उकललं. आत खसखशीसारखे दाणे दाटीवाटीनं बसलेले. त्यांतून चिलटाहून बारीक एक काळा कीटक रांगत बाहेर आला, अंगठ्यावर थांबला आणि उडून गेला.

"उंबर फोडून केंबरं कशाला काढतोस रे?" आत्या म्हणाली.

केंबरं म्हणजे उंबरातले हे बारीक किडे. ती काढावीत, असं मला मनापासून वाटतं. वड हा उंबराचा भाऊबंद. 'उंबराचं फूल' कुणाला दिसत नाही, कारण आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आतून फुलांनी भरलेली बंद पिशवीच असते. पिशवीच्या टोकाला एक चिंचोळं तोंड असतं. त्यातून गांधीलमाशीच्या कुळातली एक इवलीशी मादी आत घुसते, आणि घुसताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. ती आखूड फुलांत अंडी घालते, अंगावरचे परागकण बाकीच्या फुलांना देते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखांचे. माद्यांशी मीलन करायचं, त्यांना बाहेर पडायला भोक पोखरून द्यायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या पराग घेऊन उडतात. त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात, तेवढ्यात योग्य अवस्थेतला दुसरा वड गाठावा लागतो. आपल्या वडासाठी हे काम युप्रिस्टिना मॅसोनी ही माशी करते. पिंपळाची माशी वेगळी, उंबराची वेगळी.

ही सोयरीक किती मुरलेली आहे, ते आता जनुकांतूनही वाचता येतं. 2020 मध्ये नांद्रुक आणि काळा उंबर हे वडाचे दोन भाऊबंद, आणि नांद्रुकाची माशी यांचे जनुकसंच एकत्र अभ्यासले गेले. नांद्रुकाच्या पारंब्यांमागे ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाचा मोठा हात असल्याचं त्यात दिसलं. 2022 मध्ये भोपाळच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी वड आणि पिंपळ यांचे जनुकसंच मांडले. मुळांची वाढ, पराग आणि रोगांशी झुंज यांच्याशी निगडित जनुकांत त्यांना उत्क्रांतीच्या खुणा सापडल्या. वड शतकानुशतकं का टिकतो, याचा धागा त्यांना तिथे दिसतो.

आत्याला मधुमेह आहे, त्यामुळे तिचा प्रश्न ठरलेला: "सालीच्या काढ्यानं साखर उतरते म्हणतात, खरं का?" सालीतल्या काही घटकांनी साखर कमी झाल्याचं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पण तेवढ्यावर गोळ्या सोडायच्या नाहीत, हे मी तिला बजावून सांगितलं.

मला खरी काळजी माशीची वाटते. एका झाडाची फळं बहुधा एकदमच तयार होतात. मग तिथून निघालेल्या माद्यांसाठी आसपास कुठेतरी वेगळ्या वेळी बहरलेला वड हवाच. जुन्या ताम्रपटांतलं आपल्या शहराचं नाव वटपद्रक, वडांचं गाव. रस्ता रुंद करताना एक वड गेला, की एक सावली जातेच, शिवाय एक थांबाही जातो. कोकिळा, हरियाल, वटवाघळं यांच्या ताटातलं जातं ते वेगळंच.

पूजेसाठी फांदी तोडून घरी आणायचा रिवाज आत्यानं यंदा मोडला. पौर्णिमेला ती झाडापाशीच गेली, सूत सैल गुंडाळलं आणि खालची फळं पायाखाली येऊ नयेत म्हणून पदरानं बाजूला सारली.