मणक्याच्या ऑपरेशननंतरची भीती

ऑपरेशन व्यवस्थित झालं, सरकलेल्या गादीचा तुकडा काढला, दबलेली नस मोकळी झाली, टाकेही सुकले. तरी दोन-तीन महिन्यांनी एखादा पेशंट दादरच्या पुलाचा जिना चढायला धजावत नाही आणि तसंच ऑपरेशन झालेला दुसरा लोकलने कामावर जायला लागलेला असतो. दोघांचे एमआरआय शेजारी ठेवले तरी या फरकाचं कारण बऱ्याचदा सापडत नाही.

एमआरआयची ही मर्यादा जुनीच आहे. १९९४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे मणके तपासले होते. त्यांतल्या ६४ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली किंवा सरकलेली निघाली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

किती दुखायचं, हे ठरवण्यात मेंदूचा मोठा हात असतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडवले किंवा पुढे सोडले जातात, आणि त्यावर मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही ताबा असतो. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. भीती, चिंता, नैराश्य, तुटक झोप यांनी हा ताबा बिघडतो आणि तेवढ्याच जखमेचं दुखणं वाढतं. म्हणून ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असं पेशंटला ऐकवणं मला क्रूर वाटतं. त्याचं दुखणं पूर्ण खरं असतं.

यातली सर्वांत चिवट गोष्ट म्हणजे हालचालीची भीती. वाकलं की कळ येते, कळ आली म्हणजे आत काहीतरी पुन्हा सरकलं असं वाटतं, मग माणूस वाकणंच सोडतो. स्नायू दुबळे होतात आणि थोड्याशा हालचालीनेही दुखायला लागतं. ‘हे आता कधीच थांबणार नाही’ असे विचार किती येतात ते मोजायला १९९५ पासून १३ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. ऑपरेशनआधीच असे विचार आणि नैराश्य जास्त असेल, तर नंतरची सुधारणा रेंगाळण्याची शक्यता वाढते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

लालबागच्या माझ्या मावशीच्या हातून चमचा पडला की ती ओट्याला धरून ताठ उभी राहायची आणि नातवाला हाक मारायची. जखम केव्हाच भरली होती, सर्जननी वाकायची परवानगीही दिली होती. फिजिओथेरपिस्टने तिला आधी स्टुलावरचा रुमाल उचलायला लावला, मग पाटावरचा, शेवटी जमिनीवरचा. प्रत्येक वेळी आधी विचारायची, ‘काय होईल असं वाटतंय?’ आणि उचलून झाल्यावर, ‘झालं का तसं?’ मावशीची भीती गेली ती या दुसऱ्या प्रश्नाने, असं मला वाटतं.

घरच्यांचं काय? ‘उठू नकोस, मी देते’ हे आपल्याकडे प्रेमाने म्हटलं जातं. पण १९८० च्या एका अभ्यासात, ज्यांचे जोडीदार फार काळजी घेत त्या जुनाट दुखण्याच्या पेशंटनी, जोडीदार बघतोय असं वाटत असताना वेदना जास्त सांगितली. ते सोंग नव्हतं. काळजीने भरलेला चेहराही मेंदूला धोकाच सुचवतो.

ऑपरेशनआधी समजावून सांगण्याचाही उपयोग होतो, पण त्याबद्दल नेमकं बोलायला हवं. २०१४ च्या एका चाचणीत ६७ पेशंटपैकी काहींना वेदना कशी निर्माण होते हे आधी शिकवलं. वर्षभराने दुखणं आणि हालचाल दोन्ही गटांत सारखीच निघाली. शिकवलेल्यांचा उपचारांवरचा खर्च मात्र ४५ टक्के कमी झाला होता. दुखलं तरी ते घाबरून तपासण्यांच्या मागे लागले नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावते.

डिस्चार्ज घेतानाच सर्जनना विचारून घ्यावं: वाकायचं कधीपासून, वजन किती उचलायचं, पट्टा कधी सोडायचा, कोणतं दुखणं अपेक्षित आहे. झोप उडाली, सारखं रडू येऊ लागलं, तर तेही तिथेच सांगावं. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणं, पायातली ताकद अचानक कमी होणं, लघवी अडणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, यांतलं काहीही दिसलं तर मात्र भीती समजून थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.