आधी कोणी द्यायचे?

बिटकॉइनच्या नेटवर्कला जगात लाइटकॉइन नावाचे दुसरे डिजिटल नाणे आहे याची गंधवार्ताही नसते. लाइटकॉइनचेही तसेच. दोघांच्या खातेवह्या वेगळ्या, वेगही वेगळा: बिटकॉइनमध्ये नवा ब्लॉक, म्हणजे नोंदींचा नवा गठ्ठा, साधारण १० मिनिटांनी येतो, लाइटकॉइनमध्ये अडीच मिनिटांनी. आता मीराकडे बिटकॉइन आहेत, तिला लाइटकॉइन हवेत. इव्हानचे नेमके उलटे. जो आधी पाठवेल तो फसू शकतो, कारण गेलेले नाणे परत बोलावण्याची सोय कुठेच नाही.

रुळलेला उपाय म्हणजे एक्स्चेंज. दोघांनी आपापली नाणी तिसऱ्याच्या हवाली करायची आणि तो शाबूत राहील अशी आशा करायची. टोकियोतले माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेले, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचे सांगितले गेले. त्यातले दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटात सापडले, हेही तितकेच बोलके.

तिसऱ्याला वगळायची युक्ती २०१३ मध्येच टिअर नोलन या टोपणनावाने मांडली गेली होती. तिला अ‍ॅटॉमिक स्वॅप म्हणतात. अणूशी संबंध नाही; सौदा होईल तर दोन्ही बाजूंनी, नाहीतर कुणाचाच नाही, एवढाच अर्थ.

मीरा आपल्या संगणकावर ३२ बाइटचा एक यादृच्छिक आकडा तयार करते. हे तिचे गुपित. एसएचए-२५६ या गणिती चरकातून ते पिळून काढले की मिळतो त्याचा हॅश, म्हणजे गुपिताचा जणू ठसा. गुपितावरून हॅश क्षणात निघतो. हॅशवरून गुपित शोधायला मात्र २ चा २५६ वा घात इतक्या शक्यता धुंडाळाव्या लागतील. मीरा आपले बिटकॉइन एका कुलपात ठेवते. अट अशी: या हॅशचे गुपित आणि सोबत इव्हानची सही दाखवली तर नाणी इव्हानची, ४८ तास कोणी फिरकले नाही तर मीरा ती परत घेऊ शकते. सहीची अट हवीच, नाहीतर गुपित उघड होताच कुणीही आयत्या बिळावर नागोबा होईल.

इव्हान हे कुलूप बिटकॉइनच्या खातेवहीत स्वतः तपासतो, नोंद पक्की व्हावी म्हणून त्यावर पुरेसे ब्लॉक चढू देतो आणि मग तोच हॅश वापरून आपले लाइटकॉइन मीरासाठी बंद करतो. त्याची मुदत मात्र २४ तासांची. गुपित त्याला अजून ठाऊक नाही. मीरा लाइटकॉइन उचलायला जाते, तेव्हा तिला ते तिथे दाखवावेच लागते, आणि त्या खातेवहीतली नोंद सगळ्या जगाला दिसते. इव्हान तिथून गुपित उचलतो आणि बिटकॉइनचे कुलूप उघडतो. मीराला आपला माल घेताना किल्ली मागे ठेवूनच जावे लागते. मला या सगळ्यात हीच जागा सर्वांत देखणी वाटते.

मुदती सारख्या का नाहीत? समजा दोन्ही २४ तासांच्या असत्या, तर मीराने अगदी शेवटच्या मिनिटाला लाइटकॉइन उचलले असते आणि इव्हान किल्ली फिरवण्याआधीच आपले बिटकॉइनही परत घेतले असते. मधला एक दिवस इव्हानसाठी राखलेला आहे.

अशी मुदत सांभाळणारी आज्ञा बिटकॉइनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये आली. सप्टेंबर २०१७ मध्ये लाइटकॉइनचे जनक चार्ली ली यांनी लाइटकॉइन आणि डिक्रेड या आणखी एका नाण्याची अदलाबदल करून दाखवली.

तरीही बहुतेक लोक आजही दुसऱ्या वाटांनी जातात. त्यातली एक ‘ब्रिज’ची: एका बाजूला नाणी अडकवायची, दुसऱ्या बाजूला त्यांच्या नावाची टोकन घ्यायची. पण अडकवलेल्या ढिगाच्या चाव्या कुणाकडे तरी असतातच. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजच्या ९ पैकी ५ चाव्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरहून जास्त ऐवज गेला.

अ‍ॅटॉमिक स्वॅपचे दुखणे वेगळे आहे. दोन्ही कुलपे लागल्यावर मीरा भाव बघत बसू शकते. लाइटकॉइन चढला तर उचलते, पडला तर गप्प राहते आणि मुदत संपल्यावर आपले बिटकॉइन परत घेते. इव्हानचे लाइटकॉइनही त्याला परत मिळतात, पण तोवर भाव उतरलेला असतो. म्हणून काही पद्धतींत मीराकडून आधी थोडी अनामत घेतात. शिवाय त्या राखीव दिवसात इव्हानचे लक्ष लाइटकॉइनच्या खातेवहीवर हवे. मीराने गुपित उघड केले आणि त्याचा संगणक दोन दिवस बंद राहिला, तर बिटकॉइन पुन्हा मीराच्याच ताब्यात जाऊ शकतात, लाइटकॉइन तर तिने आधीच नेलेले असतात.