बोटाचा ठसा लावला म्हणजे मोबाइलवरील पैसे सुरक्षित झाले का? : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कराड येथील आमच्या मोबाइल विक्री व दुरुस्ती केंद्रात काही महिन्यांपूर्वी एक ज्येष्ठ ग्राहक आपला फोन घेऊन आले आणि म्हणाले, "फिंगरप्रिंटचा सेन्सर बिघडलाय का ते बघा. मी फोन कुणाच्या हातात दिलेला नाही, तरी खात्यातले आठ हजार गेले." आम्ही सेन्सर तपासला तेव्हा तो निर्दोष होता, नोंदवलेले बोट तो ओळखत होता आणि दुसरे कोणतेही बोट नाकारत होता. घडले ते असे, की जुना सोफा विकण्यासाठी त्यांनी जाहिरात दिली होती, 'पैसे पाठवतो' असे सांगून समोरच्याने एक क्यूआर कोड धाडला, आणि आपल्याला पैसे येणार या समजुतीने त्यांनी स्वतःच अंगठा टेकवून अ‍ॅप उघडले, कोड स्कॅन केला आणि पिनही स्वतःच भरला.

नवा फोन घेताना अनेक ग्राहक "यात फिंगरप्रिंट आहे, मग पैसे सुरक्षित ना?" असे विचारतात, म्हणून हे पत्रक काढावेसे वाटले. ठसा हा फोन चोरणाऱ्यापासून आपले पैसे पुष्कळ अंशी राखतो, परंतु आपल्याला बोलण्यात गुंतवून फसवणाऱ्यापासून तो राखू शकत नाही. बोट आपलेच आहे, एवढेच त्याला कळते. पैसे कोणाकडे आणि कशासाठी चालले आहेत, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

ठसा कुठे राहतो

बोट टेकवताच ठशाचे चित्र बँकेकडे जाते, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात फोन ठशाच्या रेषांवरून एक गणिती नमुना तयार करतो, तो फोनमधीलच एका वेगळ्या सुरक्षित भागात ठेवतो, आणि बँकेच्या अ‍ॅपला केवळ 'जुळला' किंवा 'जुळला नाही' एवढेच कळवतो. त्यामुळे बँकेच्या संगणकातून आपला ठसा चोरीला जाण्याची भीती या व्यवस्थेत नाही, आणि हा तिचा खरा गुण आहे. गर्दीच्या बसमध्ये किंवा भाजीच्या गाड्यापाशी शेजारचा माणूस आपला चार अंकी पिन पाहून लक्षात ठेवू शकतो. बोट तसे पाहून उचलता येत नाही. म्हणून ठसा बंद करा, असे आम्ही कोणालाही सांगत नाही.

सेन्सरला चकवता येते का? येते, पण त्यासाठी बरीच खटपट करावी लागते. २०१३ मध्ये आयफोन ५एस मधून टच आयडी (अ‍ॅपलची ठसा ओळखण्याची सोय) बाजारात आले आणि काही दिवसांतच जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवर उमटलेल्या ठशावरून नकली बोट करून ते उघडून दाखवले. असा उद्योग सामान्य माणसाच्या फोनसाठी सहसा कोणी करत नाही. आमच्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीने २०१९ चा सॅमसंग गॅलॅक्सी एस १० चा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. त्या फोनवर काही विशिष्ट सिलिकॉन कव्हर घातले असता सेन्सर बोटाऐवजी कव्हरची नक्षीच ठसा म्हणून वाचत असे, आणि मग कोणाच्याही बोटाने फोन उघडत असे. कंपनीने सॉफ्टवेअर सुधारून तो दोष दूर केला, पण त्यातून एक सवय प्रत्येकाने घ्यावी. नवी स्क्रीनगार्ड बसवल्यावर किंवा डिस्प्ले बदलल्यावर जुने ठसे पुसून नव्याने नोंदवावेत, आणि त्यानंतर न नोंदवलेल्या दोन-तीन बोटांनी फोन उघडून पाहावा. तो उघडता कामा नये. आमच्याकडे हे काम गार्ड बसवतानाच समोर करून दाखवले जाते आणि त्याचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत.

पिन हा दुसरा दरवाजा

ठसा कितीही पक्का असला तरी त्याच्या पाठीमागे फोनचा पिन किंवा पॅटर्न असतोच. बोट ओले असेल, सिमेंटच्या किंवा शेतीच्या कामाने रेषा झिजल्या असतील, किंवा फोन नुकताच बंद करून चालू केला असेल, तर फोन पिन मागतो. पैशांची कित्येक अ‍ॅप उघडतानाही ठशाऐवजी हाच पिन चालतो. ज्याला तो ठाऊक आहे, त्याला सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचे बोटही नोंदवता येते. बँकेच्या काही अ‍ॅपमध्ये नवा ठसा नोंदवला गेला की ठशाने प्रवेश आपोआप बंद होतो, परंतु सर्वच अ‍ॅप असे करतात असे धरून चालू नये. ज्या फोनचा पिन १२३४ किंवा जन्मसाल आहे, किंवा ज्याच्या काचेवर बोटाच्या तेलकटपणाने पॅटर्नची रेघ स्पष्ट उमटलेली दिसते (काउंटरवर फोन तिरपा धरला की आम्हाला ती रोज दिसते), त्या फोनचा ठसा म्हणजे भक्कम कुलूप लावून किल्ली कोनाड्यात ठेवण्यासारखा आहे. सहा अंकी पिन ठेवावा, आणि तो यूपीआय पिनपेक्षा (पैसे पाठवताना भरायच्या पिनपेक्षा) वेगळा असावा.

आणखी एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगू इच्छितो. एटीएम कार्ड फोनच्या मागच्या कव्हरमध्ये ठेवू नये. नवा यूपीआय पिन ठरवताना कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख विचारली जाते व ओटीपी त्याच फोनवर येतो. काही बँका कार्डाचा पिनही मागतात, पण त्या एका अडसरावर विसंबून राहणे बरे नव्हे.

फोन दुरुस्तीला देताना पावतीवर पिन लिहून देण्याची प्रथा आमच्याकडेही होती. ती आम्ही बंद केली आहे. सिम काढून घ्यावे, फोनमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड (दुरुस्तीपुरती आपली खासगी माहिती झाकणारी सोय) असेल तर तो चालू करावा, आणि पिन लागणारी चाचणी असेल तेव्हा आम्ही फोन करून आपल्याला बोलावू. हे आमच्यावरील अविश्वासाचे लक्षण आहे, असे कृपया मानू नये.

बोट आपले, बुद्धी दुसऱ्याची

पैसे जाण्याच्या ज्या तक्रारी आमच्या कानावर येतात, त्यांत ठसा फोडल्याची एकही नाही. कोणी बँकेचा अधिकारी म्हणून केवायसीसाठी फोन करतो आणि आपली स्क्रीन त्याला दाखवणारे अ‍ॅप घ्यायला लावतो. कोणी लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवतो, आणि ती बसवली की आलेले ओटीपी परस्पर तिकडे जातात. कोणी पोलिसाच्या गणवेशात व्हिडिओ कॉलवर येऊन 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतो, जी भारताच्या कायद्यात अस्तित्वातच नाही. या सर्व ठिकाणी घाबरलेला किंवा भारावलेला माणूस आपले खरे बोट खऱ्या सेन्सरवर टेकवतो, आणि फोन आपले काम चोख बजावतो. पैसे घेण्यासाठी पिन, ठसा किंवा स्कॅन यांपैकी काहीही लागत नाही. हे घरातील आजी-आजोबांना आणि नुकताच फोन हाती आलेल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे.

ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय पिनऐवजी फोनवरील ठशाने किंवा चेहऱ्याने पैसे पाठवण्याची ऐच्छिक सोय खुली केली आहे. सोय चांगली आहे आणि ज्यांना पिन लक्षात राहत नाही त्यांना उपयोगाची आहे. मात्र पिन भरताना समोर आलेली रक्कम आणि नाव वाचायला जे चार क्षण मिळत, ते बोट टेकवताना मिळत नाहीत, असे आमचे मत आहे. ही सोय घेणाऱ्याने आधी फोनमध्ये नोंदवलेली बोटे मोजावीत. गेम खेळण्यासाठी नातवाचे, गाडी चालवताना फोन उचलण्यासाठी मित्राचे बोट कधीतरी नोंदवलेले असते आणि ते तसेच राहून जाते.

आधारचा अंगठा वेगळा

गावातील बँक प्रतिनिधीकडे आधार क्रमांक सांगून आणि अंगठा लावून पैसे काढता येतात. त्या व्यवहाराचा आपल्या फोनशी संबंध नसतो, त्यामुळे फोनचा ठसा तिथे काहीच राखण करत नाही. जमिनीच्या नोंदणीकृत कागदपत्रांवरील अंगठ्यांवरून नकली ठसे बनवून असे पैसे काढल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आहेत. आधारच्या अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक्स कुलूपबंद करता येतात व ते विनामूल्य आहे. कुलूप लावल्यावर रेशन दुकानातील यंत्रही अंगठा नाकारते, म्हणून धान्य आणायच्या दिवशी ते तात्पुरते उघडावे.

पैसे गेलेच तर

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला त्याच क्षणी कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी ती गोठवता येणे वेळेवरच अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातलेल्या नियमानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा त्याच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून लाजेपोटी घरच्यांपासून लपवून दोन दिवस घालवू नयेत. त्या व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय क्रमांक अ‍ॅपच्या इतिहासात सापडतो. तक्रार करताना तो लागतो. तो सापडत नसेल तर फोन घेऊन आमच्याकडे यावे, दुकानात कितीही गर्दी असली तरी हे काम आम्ही आधी करू.