एफ फॉर्मवरचा अंगठा कुठून आला

मागच्या उन्हाळ्यात वहिनीला घेऊन बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका सोनोग्राफी सेंटरला गेलो होतो. आमच्या पुढे कारखान्यावरून नुकतीच परतलेली एक बाई होती, सोबत सासू. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरत होती: नवऱ्याचं नाव, शेवटची पाळी कधी, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, लेकरं किती, त्यात मुलगे किती, मुली किती. मग तिनं शाईचं पॅड पुढं सरकवलं.

“इथं अंगठा टेकवा, बाई.”

“काय लिव्हलंय यात?”

“हेच, की पोरगा का पोरगी ते मला सांगू नका म्हून.”

“म्या इचारलंच कुठं?” बाई म्हणाली आणि अंगठा टेकवला. सासू भिंतीवरच्या ‘गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीकडं बघत बसली होती.

गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखालचा हा फॉर्म, त्याचं नाव ‘एफ’. मुंबई, दिल्ली, परत मुंबई-पुण्यातल्या संस्था, सुप्रीम कोर्ट आणि पुन्हा दिल्ली असा लांबचा फेरा मारून तो माजलगावच्या टेबलावर पोचला आहे. आरोग्याचा कायदा संसदेतून कसा निघतो, हे समजून घ्यायला मला तरी याच्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आधी गर्भपाताचं बघू. गर्भपाताचा एक आणि लिंगनिदानबंदीचा एक, हे दोन कायदे लोक हमखास एकमेकांत मिसळतात. गर्भपात कायदेशीर करावा का, यावर केंद्राने १९६४ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. १९६६ मध्ये अहवाल आला, १९६९ मध्ये विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं आणि १९७० च्या डिसेंबरात लोकसभाच बरखास्त झाली. लोकसभेत मांडून अडकलेलं विधेयक अशा वेळी मरतं. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेपर्यंत न पोचलेलं मात्र जिवंत राहतं, कारण ते सभागृह कधी विसर्जितच होत नाही. त्यामुळे १९७१ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. आजही गावात विचाराल तर निम्मे लोक सांगतील की गर्भपातच बेकायदा आहे. तसं नाही. ठरावीक मुदतीत, ठरावीक कारणांसाठी तो कायदेशीर आहे. बेकायदा आहे ते लिंग तपासणं आणि त्यावरून गर्भ पाडणं.

लिंग तपासण्याची भानगड सुरू झाली गर्भजल परीक्षेपासून, म्हणजे सुईने गर्भाभोवतीचं पाणी काढून करायच्या तपासणीपासून. सत्तरच्या दशकात ही तपासणी आली ती गर्भातले जन्मजात दोष ओळखण्यासाठी. तिचा वापर कुठं वळतोय हे दिसल्यावर सरकारी रुग्णालयांत ती बंद केली गेली. खासगी दवाखान्यांना ती बंदी लागू नव्हती आणि त्यांनी दुकान मांडलं. मुंबईत १९८५ मध्ये स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी मिळून विरोधी मंच उभा केला. राज्य सरकारने डॉ. संजीव कुलकर्णी यांच्याकडून मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करून घेतली. पाहणीतले ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षा करत असल्याचं तीत निघालं. एवढा मोठा आकडा समोर आल्यावर सरकारला गप्प बसणं अवघड होतं. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. मुख्यमंत्री होते नांदेडचे शंकरराव चव्हाण.

कायदा पहिला असला तरी लंगडा होता. तपासणी करून घेणाऱ्या बाईलाच तो गुन्हेगार धरत होता. दुसरं म्हणजे तो राज्याच्या हद्दीपुरताच. उदगीरहून बिदर आणि धर्माबादहून निजामाबाद किती लांब आहे, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. कायदा सीमेवर थांबतो, एसटी थांबत नाही. म्हणून मागणी दिल्लीकडे गेली.

इथं संविधानातली एक अडचण येते. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदा करायचा विषय आहे, त्यामुळे संसदेला आरोग्यावर हवा तसा कायदा करता येत नाही. तिला दुसरं दार शोधावं लागतं. वैद्यकीय व्यवसाय आणि कुटुंबनियोजन हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, ते एक दार. दुसरं दार अनुच्छेद २५२ चं: दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून संसदेला विनंती करायची. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा या दुसऱ्या दारातून आला आणि ठराव करणारी राज्यं होती गोवा, हिमाचल आणि महाराष्ट्र. पुढे २०१० मध्ये रुग्णालयांच्या नोंदणी-नियमनाचा केंद्रीय कायदा याच वाटेने आला तेव्हा महाराष्ट्र त्यात नव्हता, आणि पुढेही त्याने तो स्वीकारला नाही. आपली खासगी रुग्णालयं अजून १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर चालतात. यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

लिंगनिदानाचं केंद्रीय विधेयक १९९१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्याच सप्टेंबरात ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्याचा ठराव झाला. आज आपण ज्यांना विभागीय स्थायी समित्या म्हणतो त्या तेव्हा नव्हत्या, त्या १९९३ मध्ये सुरू झाल्या. म्हणजे विधेयक तपासायचं तर त्यासाठी वेगळी समिती नेमावी लागे. या समितीने सव्वा वर्ष घेतलं आणि डिसेंबर १९९२ मध्ये अहवाल दिला. त्याच्या आधारे विधेयक पुन्हा मांडलं गेलं, दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि २० सप्टेंबर १९९४ ला राष्ट्रपतींची सही झाली.

सही झाली म्हणजे कायदा सुरू झाला, असं नसतं. कायद्याच्या पहिल्याच कलमात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की सरकार राजपत्रात जाहीर करेल त्या तारखेपासून तो अमलात येईल. ही तारीख ठरली १ जानेवारी १९९६. पंधरा महिने गेले. नियम त्याच महिन्यात आले. कायद्याने चौकट दिली. फॉर्म, नोंदवह्या, पाटी हे सगळं नियमांतलं. असे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवले जातात आणि बहुतेक वेळा कुणी वर मान करून बघतही नाही. तरी सामान्य माणसाची गाठ पडते ती नियमांशीच.

तोवर यंत्र बदललं होतं. गर्भजल परीक्षेला सुई लागत होती, तज्ज्ञ लागत होता. सोनोग्राफीला तसलं काही लागत नव्हतं आणि मशीन तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचलं होतं. १९९४ च्या कायद्यात गर्भधारणेआधीच लिंग निवडायच्या तंत्रांवर काही नव्हतं आणि अंमलबजावणी तर नावालाच होती. २००० मध्ये आरोग्यावर काम करणाऱ्या सेहत आणि मासूम या मुंबई-पुण्यातल्या संस्था आणि लिंगनिवडीविरुद्ध काम करणारे डॉ. साबू जॉर्ज सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने ४ मे २००१ ला केंद्राला आणि राज्यांना कामाला लावलं. मग संसदेत दुरुस्ती आली. १४ फेब्रुवारी २००३ पासून कायद्याचं नाव बदललं, गर्भधारणापूर्व तंत्रं त्यात आली, सोनोग्राफी मशीनची विक्री-नोंदणी बांधली गेली. जबरदस्तीने तपासणीला नेलेल्या बाईला शिक्षा नाही, हेही तेव्हा स्पष्ट झालं. वहिनीच्या पुढच्या बाईने टेकवला तो अंगठा याच वेळचा आहे. तपासणीआधी गर्भवतीने ‘मला लिंग जाणून घ्यायचं नाही’ असं लिहून द्यायचं आणि डॉक्टरने ‘मी ते सांगितलेलं नाही’ असं लिहायचं, हा नियम २००३ चा.

डॉक्टरांची मुख्य तक्रार इथलीच आहे. फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा राहिला तरी तो कायद्याचा भंग धरला जातो आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरवर. कारकुनी चुकीसाठी तुरुंग का, हा प्रश्न घेऊन त्यांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टाने मे २०१९ मध्ये ते म्हणणं फेटाळलं. बंद खोलीत दोघांत झालेल्या बोलण्याचा दुसरा पुरावा मिळतच नाही, हाताशी असतो तो कागद. प्रामाणिक डॉक्टरची चिडचिड मला समजते, तरीही कोर्टाचं म्हणणं पटतं.

आता बीडचा आकडा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, २०११ मध्ये ८०७. राज्यात सगळ्यात कमी. हा आकडा सांगताना सगळे एक गोष्ट सोडून देतात: २०११ च्या सुरुवातीला सहा वर्षांपर्यंतची असलेली ही लेकरं २००४ च्या सुरुवातीनंतर जन्मलेली होती. म्हणजे यातली एकूण एक मुलं कडक दुरुस्ती लागू झाल्यानंतरची.

२०१० मध्ये वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने बीड जिल्ह्यातल्याच परळीच्या एका दवाखान्यात स्टिंग केलं. दवाखाना चालूच राहिला. मे २०१२ मध्ये तिथेच गर्भपातात एका बाईचा जीव गेला, तिला आधीच्या चार मुली होत्या. मग मात्र राज्यभर धाडी पडल्या, मशीनना सील लागले. तिथल्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये. कायदा १९९४ चा, स्टिंग २०१० चं आणि शिक्षा २०१९ ची. या कायद्याखाली कोर्टात तक्रार करायची ती समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे कायदा राबवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने. दुसऱ्या कुणाला करायची तर आधी त्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. तालुक्याला हा प्राधिकारी म्हणजे बहुतेक वेळा सरकारी डॉक्टरच, ज्याची त्या खासगी डॉक्टरशी रोजची ऊठबस. संसदेतल्या चर्चेत ही ऊठबस कुठून येणार?

२०१२ मध्येच आणखी एक बदल झाला, तोही गाजावाजा न होता, नियमांतून: एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करता येईल. गावोगावच्या केंद्रांवर फिरणाऱ्या डॉक्टरांना त्यातून चाप लागला. गर्भपाताच्या कायद्यातली मोठी दुरुस्ती मात्र संसदेतूनच आली. १७ मार्च २०२० ला ती लोकसभेत मंजूर झाली, मग कोरोना आला आणि राज्यसभेत ती १६ मार्च २०२१ ला मंजूर झाली. विधेयक तपासायला प्रवर समितीकडे पाठवा, ही मागणी फेटाळली गेली. १९९१ च्या विधेयकाला समितीत सव्वा वर्ष मिळालं होतं, याला एक बैठकही नाही.

२०११ नंतरची जनगणना लांबत लांबत आता २०२७ वर गेली आहे, त्यामुळे बीडचा पुढचा आकडा त्यानंतरच कळेल.

त्या दिवशी वहिनीचा नंबर आला तेव्हा पॅडची शाई वाळली होती. मुलीने त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. वहिनी म्हणाली, “मला सही येते की.” मुलीने हसून पेन दिला, सही झाली आणि फॉर्म आधीच्या अंगठ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. हा सगळा गठ्ठा पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत प्राधिकाऱ्याकडे जायचा होता.