घरी जायची घाई आणि दक्षिणेतला बर्फ

चीनच्या ईशान्येला हार्बिनमध्ये जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो, तरी रेल्वे चालते. तिथली घरं, रस्ते, माणसं, सगळं थंडीला सरावलेलं आहे. चिनी नववर्षाला घरी जाणाऱ्यांच्या प्रवासाची दैना होते ती बहुधा हुनान, हुबेइ, ग्वेइचौ या दक्षिण-मध्य प्रांतांत. इथे थंडी तुलनेनं सौम्य, म्हणून घरं उबदार ठेवणारी सरकारी तापनव्यवस्था १९५०च्या दशकापासून ह्वाय नदीच्या उत्तरेलाच राहिली; हे प्रांत तिच्या दक्षिणेला.

त्यात चिनी नववर्ष येतं २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान, ऐन गारठ्यात. त्याच्या मागचेपुढचे मिळून ४० दिवस 'चुनयुन', म्हणजे नववर्षाच्या वाहतुकीचा हंगाम. ही गर्दी एवढी का, याचं उत्तर बरंचसं 'हुकौ' या रहिवासनोंदणीत आहे. १९५८ साली कायद्यात आलेल्या या पद्धतीनं माणसाची नोंद गावाशी बांधली. पुढे आर्थिक सुधारणांनंतर कोट्यवधी लोक दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्वांगतोंग प्रांतातल्या कारखान्यांत गेले, पण शहरातली शाळा, दवाखाना, इतर सवलती नोंदीअभावी त्यांना पूर्णपणे मिळेनात. मग मुलं गावी आजी-आजोबांकडे. त्यांना भेटायची सुट्टी बहुतेकांना वर्षातून एकदाच. 'यंदा येऊ नका' हे सांगणं सोपं नाही.

२००८ साली नेमकं तेच सांगावं लागलं. नववर्ष ७ फेब्रुवारीला होतं आणि १० जानेवारीपासून बर्फाच्या लाटा एकामागून एक येत होत्या. हुनानात घात केला तो गोठत्या पावसानं. दक्षिणेकडून आलेली दमट, उबदार हवा वर, उत्तरेची थंड हवा जमिनीलगत, आणि तिला पुढे सरकायला नानलिंगच्या डोंगररांगांचा अडसर. थेंब पाणी म्हणूनच खाली येतो आणि विजेच्या तारेला लागला की बर्फ होतो. थरावर थर चढत जातो, तारा तुटतात, मनोरे वाकतात. हुनानची राजधानी चांगशामध्ये तारांवरचा बर्फ झोडपायला चढलेले तीन वीज कामगार मनोरा कोसळून ठार झाले.

नानलिंगच्या उत्तर पायथ्याशी छेनचौ शहर आहे. बीजिंग–ग्वांगचौ रेल्वे याच भागातून जाते आणि उत्तर-दक्षिण द्रुतगती मार्गही. वीज गेली तशी विद्युत इंजिनं जागीच थांबली आणि डिझेलची इंजिनं मागवावी लागली. खुद्द छेनचौनं सुमारे दोन आठवडे विजेविना, पाण्याविना काढले. तिकडे ग्वांगतोंगच्या राजधानीत, ग्वांगचौ स्थानकाबाहेर पावसात लाखो माणसं सामान डोक्यावर घेऊन उभी. १ फेब्रुवारीला त्या रेटारेटीत एका महिलेचा जीव गेला. त्याआधी पंतप्रधान वन च्यापाओ यांनी चांगशा स्थानकात हातात भोंगा घेऊन अडकलेल्या प्रवाशांची माफी मागितली होती. या आपत्तीत सरकारी हिशोबानं १२९ जण दगावले आणि दीडशे अब्ज युआनहून अधिक नुकसान झालं.

त्यानंतर कामं झाली, मोठी झाली. डिसेंबर २००९ मध्ये वूहान–ग्वांगचौ अतिजलद रेल्वे सुरू झाली. तारांमधून एकदिश विद्युतप्रवाह सोडून बर्फ वितळवणारी यंत्रणा दक्षिणेच्या वीजजाळ्यात बसवली गेली. पण प्रवासाची रीतही बदलली. फेब्रुवारी २०२४च्या सुरुवातीला हुबेइ आणि हुनानात पुन्हा बर्फ आणि गोठता पाऊस कोसळला. त्या हंगामात सुमारे ९ अब्ज फेऱ्यांचा अंदाज होता, त्यातल्या ८० टक्के स्वतःच्या गाडीनं होणार होत्या. रेल्वेगाड्या खोळंबल्याच, पण मोठी कोंडी झाली द्रुतगती मार्गांवर. तासन्‌तास लोक गाडीत बसून राहिले, कुणाचं इंधन संपत आलेलं, कुणाची बॅटरी. रेल्वेला डिझेलचं इंजिन जोडून वाट काढता येते. बर्फाळ पुलावर एकामागे एक अडकलेल्या हजारो गाड्या मात्र, पुढची हलल्याशिवाय, कुणालाही हलवता येत नाहीत.