हरणं रविवारी कुठं जातात?

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला रविवारी दुपारी गेलेला माणूस बहुतेक वेळा तक्रार घेऊनच परततो: नाव अभयारण्य, पण हरीण एक दिसेल तर शपथ. गेल्या उन्हाळ्यात माझंही तेच झालं. तिथला वनमजूर हसला. "पाव्हणं, आज कुठली हरणं? मंगळवारी या, ते बी दिस उगवायला." मग त्याने पाणवठ्याच्या कडेचा चिखल दाखवला. बुटाचा ठसा, आणि त्याच्यावर चितळाचा ताजा खूर. आदल्या दिवशीची माणसं हलल्यावर कळप पाण्यावर आला होता.

सातारा-सांगलीच्या डोंगरांत माणूस काही नवा नाही. गुराखी, लाकूडफाट्याच्या बायका, श्रावणी सोमवारचे भाविक पूर्वीपासून आहेत, पण त्यांच्या वाटा आणि वेळा ठरलेल्या. मजेसाठी जंगलात शिरणारा माणूस वेगळा. १८२८ च्या सुमारास मुंबईचा इंग्रज गव्हर्नर माल्कम याच्या काळात महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण झालं, आणि साहेबाच्या सुट्टीत बंदूक असायचीच. करमणूक आणि शिकार यांत तेव्हा फारसा फरक नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक गेली, तिच्या जागी कॅमेरा आला. हरणाला मात्र हा कायदा कुणी वाचून दाखवलेला नाही. वाट सोडून झाडीत घुसणारे दोन पाय त्याच्या लेखी अजून शिकाऱ्याचेच.

याची मोजदाद परदेशात बरीच झाली आहे. अमेरिकेतल्या युटामधल्या अँटिलोप बेटावर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायवाटेपासून शंभर मीटरच्या आतली म्यूल हरणं, बायसन आणि प्राँगहॉर्न (तिकडचा हरणासारखा प्राणी) माणूस दिसताच उठून पळण्याची शक्यता सुमारे ७० टक्के निघाली. अमेरिकेतच ओरेगॉनच्या स्टार्की जंगलात एल्क ही मोठी हरणं सर्वांत जास्त बिचकली ते चारचाकी मोटारबाइकला, त्याखालोखाल सायकलला. पायी माणसाला त्याहून कमी. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांच्या नोंदी एकत्र आल्या. माणसांचा वावर वाढला की प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट होते, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे माणूस मारायला आला की नुसता फिरायला, याने फारसा फरक पडत नव्हता.

सांबराबद्दल मात्र जपून बोलायला हवं. ते मुळातच रात्रीचं जनावर. दुपारी दिसलं नाही म्हणून लगेच पर्यटकावर खापर फोडू नये. चितळाचं तसं नाही, ते सकाळ-संध्याकाळ उघड्यावर चरतं. चरून झालं की आडोशाला बसून रवंथ करायचं, पाडस गवतात लपवून ठेवायचं, हा त्याचा दिनक्रम. उठून पळावं लागलं की चरण्याचा वेळ जातो आणि रवंथही मोडते.

सागरेश्वरची अडचण आणखी वेगळी. हे जंगल माणसांनी उभं केलेलं. उघड्याबोडक्या टेकड्यांवर झाडं लावण्यासाठी धों. म. मोहिते यांनी आयुष्य घातलं, आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, भोवती कुंपण, कुंपणापलीकडे शेती. त्याच वर्षी जाहीर झालेलं कोयना अभयारण्य ४२३ चौरस किलोमीटरचं. तिथलं सांबर गलका ऐकून डोंगराच्या दोन धारा पलीकडे जाऊ शकतं. सागरेश्वरच्या चितळाला पलीकडे जायला जागाच नाही, म्हणून ते वेळ बदलतं. कुंपण फुटलेलं असेल तिथून हरणं रात्री पिकांत उतरतात, ही आसपासच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. तिचा दोष एकट्या पर्यटकाच्या माथी मारता येणार नाही. रात्री पीक राखणाऱ्याला त्याने काय फरक पडतो म्हणा.

कोयनेत वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांना वनखात्याची परवानगी लागते. बामणोलीहून बोटीने जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं; मुक्काम चालत नाही. ट्रेकर मंडळी या नियमावर कुरकुरतात, सूर्यास्ताचा फोटो हुकतो म्हणून. नेमकी तीच वेळ सांबराची झाडीतून बाहेर पडण्याची.